रंग सगळ्यांत शेवटी: बडोद्यात जुनी जपानी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणताना

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे निदान तुमचे पैसे वाचतील. मामांची १९९० ची लाल माझदा एमएक्स-५ माझ्या दारात आली तेव्हा मी पहिलं काम केलं ते रंगाचं. गाडी आठ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, लाल रंग उडून गुलाबी झाला होता, आणि आमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीत येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "ही खेळण्यातली गाडी कुणाची?" मग काय, इंजिन सुरू व्हायच्या आधी रंग चकाचक. एक पावसाळा गेला आणि दाराखालच्या पट्टीवर फोड आले. मिस्त्रीने त्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाखाली पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी होती. पट्टी कापली, नवा पत्रा जोडला आणि रंगाचा खर्च दुसऱ्यांदा केला.

तेव्हापासून माझा नियम असा: डोळ्यांना जे आधी दिसतं त्यावर पैसे शेवटी घालायचे. आधी कागद, मग पाणी आणि गंज, मग ब्रेक, पेट्रोल, कूलिंग, इंजिन, वायरिंग. रंग सगळ्यांत शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो.

उदाहरणं मी माझ्याच गाडीची देणार आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. जपानमध्ये युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा, बाकी बऱ्याच ठिकाणी एमएक्स-५. सुरुवातीच्या गाड्यांत १५९७ सीसीचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या आत. तुमच्याकडे टोयोटाची सेलिका किंवा एमआर२, नाहीतर होंडाची प्रिल्यूड असेल तर नट-बोल्ट बदलतील, क्रम बदलणार नाही.

आधी फाइल बघा, मग गाडी

"जपानहून एक जुनी मागवून घेऊ" असं म्हणणारा एक तरी भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला सांगा, जमत नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते. दुसऱ्या टोकाला, २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना परवान्याशिवाय आयातीची वाट मोकळी झाली आहे आणि ही मर्यादा दर वर्षी पुढे सरकते. म्हणजे १९७० ची डॅटसन २४०झेड किंवा सुरुवातीची सेलिका शुल्क भरून आणता येईल, पण ते शुल्क गाडीच्या किमतीलाच मागे टाकतं. मधल्या काळातल्या, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांना दार बंद. माझ्या मामांची गाडी आज सिंगापूरला असती तर ती आणायला मला २०४० पर्यंत थांबावं लागलं असतं.

म्हणून या वयाची जी गाडी तुम्हाला इथे दिसेल ती पूर्वीच कुठल्या तरी मार्गाने आलेली असते. चांगला मार्ग म्हणजे परदेशातून कायमचं परतणाऱ्या माणसाने घरसामानाबरोबर, शुल्क भरून आणलेली. मामांची तशी आली. दूतावासाकडून शुल्क भरून विकल्या गेलेल्या गाड्याही असतात. वाईट मार्ग म्हणजे कार्ने. परदेशी प्रवासी ठरलेल्या मुदतीत परत नेण्याच्या हमीवर, शुल्क न भरता गाडी आत आणतो. आणि ती कधी परत जातच नाही. मग बनावट कागदांवर तिची कुठल्या तरी लांबच्या राज्यात नोंदणी होते आणि दोन-तीन हात फिरून ती तुमच्यासमोर "एकदम स्वस्तात" उभी राहते. १९६२ च्या कस्टम्स कायद्याखाली जप्ती मालावर होते, तुम्ही किती भाबडेपणाने घेतलीत हे नंतरचं. त्याच कायद्याच्या १२५ व्या कलमात दंड भरून माल सोडवायची सोय आहे, पण त्या भरवशावर गाडी घेणं म्हणजे अपघात विम्याच्या भरवशावर मुद्दाम जिन्यावरून पडणं.

फाइलमध्ये मूळ बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडे दाखल झालेला आयातीचा कागद हवा, शुल्क भरल्याची पावती हवी, आणणाऱ्याच्या पासपोर्टच्या प्रती हव्यात, परदेशातल्या नोंदणीचा कागद असला तर सोन्याहून पिवळं. मग चेसिस नंबर. या माझदात तो इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. आरसीवरचा, बिल ऑफ एन्ट्रीवरचा आणि पत्र्यावरचा, तिन्ही नंबर अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. नंबराभोवती वेल्डिंगच्या खुणा किंवा वेगळा रंग दिसला तर चहा पिऊन, नमस्कार करून घरी या.

नोंदणीची मुदत संपत आली असेल तर तो खर्च किमतीतच धरा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नवी करायची. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या साध्या कारला त्याचे दहा हजार लागतात, आणि आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. हो, ऐंशी. मामा गाडी देताना एवढंच म्हणाले होते, "पेट्रोल तेवढं चांगलं घाल." २०२१ च्या नियमांमधली व्हिंटेज नोंदणी, ती 'व्हीए' अक्षरांची पाटी, पन्नास वर्षांवरच्या आणि फारसे फेरफार नसलेल्या गाड्यांसाठी आहे. त्यात दहा वर्षांची नोंदणी वीस हजारात होते, पण अशी गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. आपल्या गाड्यांना ते सध्या लागू नाही. नंबर दुसऱ्या राज्याचा असेल तर तिथली एनओसी आणि इथला कर भरल्याशिवाय जीजे-०६, म्हणजे बडोद्याचा नंबर मिळत नाही, तेव्हा ते काम सौद्याच्या आधी बोलून घ्या.

विम्याबाबत एकच सांगतो. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे कंपनीने टाकलेला पन्नास हजाराचा आकडा मुकाट्याने घ्यायची सक्ती नाही. फोटो, पावत्या, मूल्यांकन देऊन भांडा. आणि नुसता थर्ड पार्टी घेऊ नका. बडोद्यात तर नाहीच नाही. का, ते पुढे येतंय.

चावी फिरवू नका

उभी असलेली गाडी घरी आली की सगळ्यांना एकच घाई असते: "सेल मारून बघ ना!" पहिला आठवडा बॅटरी जोडूच नका. आठ वर्षांत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, टाकीतलं पेट्रोल वार्निश झालेलं असतं आणि वायरिंग उंदरांनी चाखलेलं असतं. एका सेलमध्ये तिन्ही गोष्टी बिघडू शकतात.

त्या आठवड्यात फोटो काढा. प्रत्येक पाइप, प्रत्येक क्लिप, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते. उघडलेला प्रत्येक स्क्रू झिप लावलेल्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. मी "हे काय, लक्षात राहील" म्हणून अकरा स्क्रू एका वाटीत टाकले होते. त्यातले दोन कुठले, हे अजून कळलेलं नाही.

पाणी

लोक म्हणतात जपानी गाड्यांना गंज लागतो. गंज पाण्याने लागतो, आणि पाणी आत कुठून येतं ते शोधलं की निम्मं काम झालं.

या गाडीच्या कापडी छताच्या मागच्या कडेला एक पन्हळ असते. छतावरून आलेलं पाणी त्या पन्हळीतून सीटमागच्या दोन कोपऱ्यांत उतरतं आणि तिथल्या नळ्यांतून खाली, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, जमिनीवर पडतं. नळीत कडुनिंबाचा पाला आणि धूळ अडकली की पाणी कोपऱ्यात तुंबतं, मग दाराखालच्या पोकळ पट्टीत किंवा गालिच्याखाली जातं. पट्टी आतून सडते. बाहेरून दिसायला लागतं तेव्हा आत काही उरलेलं नसतं. माझ्या फोडांचं मूळ तेच होतं. मी पाला काढला नाही, रंग लावला.

तपासायचं कसं? छत उघडा, सीटमागच्या कोपऱ्यात हळूहळू एक तांब्या पाणी ओता. ते गाडीखाली धारेने पडलं पाहिजे. थेंब-थेंब पडलं किंवा पडलंच नाही, तर लवचीक प्लॅस्टिकची काठी (सायकलच्या ब्रेक वायरचं आवरण उत्तम) आत घालून हलक्या हाताने मोकळं करा. तारेने ढोसू नका, नळी फाटते. मग गालिचा उचला. खालचा फेस ओला असला तर तो बाहेर काढून उन्हात वाळवा. हेअर ड्रायरने वाळवलेला फेस आठ दिवसांनी पुन्हा ओला लागतो.

मग चुंबक घ्या, फ्रिजवरचा साधाही चालेल. पातळ कापडात गुंडाळून दाराखालच्या पट्ट्यांवर, मागच्या चाकांच्या कमानींवर आणि पुढच्या चाकांमागच्या खालच्या कोपऱ्यांत फिरवा. धरत नाही तिथे पुट्टी. गाडीखाली झोपून बघा: पट्टीच्या खालच्या कडेवर जॅक लावून लावून ती दुमडलेली असते, आणि दुमडलेल्या कडेत पाणी बसतं. जॅक पुढे मधल्या आडव्या क्रॉसमेंबरला आणि मागे डिफरन्शियलखाली (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डबा) लावायचा, मग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, गाडी ठेवायची. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. त्यावर साधारण एक मिलिमीटर जाडीच्या सीआरसी पत्र्याचा तुकडा मिग वेल्डिंगने, थोडं इथे थोडं तिथे टाचे देत जोडायचा, सलग ओढला तर पत्रा वेडावाकडा होतो. मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि शेवटी पोकळीच्या आतून मेण. हे मेण फवारायची लांब नळीची बंदूक मिळते. गॅरेजवाला म्हणेल, "साहेब, आतून कोण बघतं? चालशे." 'चालशे' ऐकलं की मी खुर्ची ओढून तिथेच बसतो. मेण पडल्याशिवाय उठत नाही.

आता बडोद्याचं खास पाणी. ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा माझी गाडी अकोट्याच्या एका भाड्याच्या शेडमध्ये होती. पाणी सीटच्या उंचीपर्यंत चढलं. शेजारच्या सोसायटीत मगर निघाली होती, त्यामुळे दोन दिवस गाडीचा विचार करायची कुणाला सवडही नव्हती. पण नंतर जे केलं त्याने इंजिन वाचलं, म्हणून सांगतो.

पाणी उतरल्यावर चिखलाची रेघ कुठपर्यंत आहे त्याचे फोटो काढा, विम्याला लागतात. बॅटरीची काळी वायर काढा. चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि तुम्ही सेल मारलात तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे स्पार्क प्लग काढून क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) बोल्टवर एकवीसचा गोटी पाना लावून इंजिन हाताने, घड्याळाच्या दिशेने फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर उडू द्या, तिथूनच ते निघायला हवं. इंजिन ऑइल काढा. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलसुद्धा बदला, कारण गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की त्याच्या श्वासनळीतून पाणी आत ओढलं जातं, आणि हे कुणी बघतच नाही. कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, प्रवाशाच्या पायांशी गालिच्याखाली असतो. पूर आला की सगळ्यांत आधी बुडणारी जागा तीच. तो काढून, उघडून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन, दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा. तो उघडाच आहे तर टीव्ही-एसी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडून जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्या, १०५ अंशांचे. पूर नसला तरी तीस वर्षांनी ते गळतातच आणि गळलेलं द्रव बोर्डावरच्या रेषा खातं.

थांबणं

पळण्याआधी थांबता आलं पाहिजे. उभ्या गाडीचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणारे चिमटे, आतून धरलेले असतात, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी पिस्टनला गंज लावतं. चारही कॅलिपर उघडा, सील किट टाका, पिस्टनवर खड्डे असले तर पिस्टन बदला. रबरी होज बाहेरून कितीही ठीक दिसोत, बदलाच. ते आतून सुजतात, आणि मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. नवं डॉट ४ ऑइल आणि दर दोन वर्षांनी बदल.

हँडब्रेक धरत नाही म्हणून लोक केबल ताणत बसतात. खरी समायोजनाची जागा मागच्या कॅलिपरच्या पाठीवर, एका बोल्टमागे लपलेली आहे. बोल्ट काढा, आत चारचा ॲलन पाना घाला, डिस्क अडेपर्यंत फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे. दोन मिनिटांचं काम. मला ते कळायला एक वर्ष लागलं.

क्लचचा खालचा छोटा सिलिंडर या गाडीत हमखास गळतो. एक सुटा आणून कपाटात ठेवा.

पेट्रोल

टाकी पंचेचाळीस लिटरची. जुनं पेट्रोल पूर्ण काढा, टाकी उतरवून आत बघा. इंजेक्टर अल्ट्रासॉनिक पद्धतीने धुऊन घ्या, फिल्टर बदला.

आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. १९९० च्या रबराला हे कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनापासून टाकीपर्यंतचे सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीचे टाका, ते होजवर छापलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि फार पाणी झालं की पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. तेव्हा गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा, हवेला जागा कमी. दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. हळू चालवताना सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ही तफावत भरून काढतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर कॉम्प्युटर त्याचं ऐकत नाही आणि मिश्रण पातळ होतं. म्हणून सेन्सर नवा टाका, पेट्रोलचा दाब मोजून घ्या, आणि हायवेवर उगाच मर्दुमकी दाखवू नका.

गरमी आणि पट्टा

मे महिन्यात बडोद्याचा पारा त्रेचाळीसच्या वर जातो. या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची असते, मुळात काळी. ती तपकिरी दिसू लागली की तिचे दिवस भरले समजा. नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्थानिक कारागीर बनवून देतात. सगळे होज एकदम बदला. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं, मिळून सहा लिटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी घातलंत तर आत क्षाराचा थर बसतो, घरातल्या गिझरमध्ये बसतो तसाच.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: "थर्मोस्टॅट काढून टाका, गरम होणारच नाही." ऐकू नका. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप ती. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला फार वेळ लागतो, कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, आणि तो जादा पेट्रोल ओतत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुतं. गाडी गरम होत असेल तर कारण शोधा.

टायमिंग पट्टा, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, किती किलोमीटर झालाय ते विचारूच नका, बदला. सुमारे ९६,००० किलोमीटरचं त्याचं आयुष्य धरतात, पण आठ वर्षं एकाच ठिकाणी वाकून बसलेलं रबर किलोमीटर मोजत नाही. त्याबरोबर पाण्याचा पंप, दोन्ही पुल्या आणि पुढचे सील. एक दिलासा असा की या १.६ इंजिनात पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत.

इथेच या गाडीचं खरं दुखणं आहे. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. ओळख: खालच्या पुलीला चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. आखूड टोकाचा बोल्ट चुकीचा आवळला गेला तर पुली डगमगते, पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी खुंटीची खाच रुंदावते आणि हळूहळू क्रँकच निकामी होतो. आखूड टोकाचा बोल्ट १०८ ते ११८ न्यूटन मीटरला आवळायचा, लांब टोकाचा १५७ ते १६७ ला. टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय, हा बोल्ट कुणालाही आवळू देऊ नका. "हाताचा अंदाज आहे" म्हणणाऱ्या उस्तादाला तर मुळीच नाही. घेताना इंजिन चालू करून पुली डगमगते का बघा. डगमगत असेल तर किंमत इंजिनाची धरा.

पहिला सेल

आता. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, रात्रभर राहू द्या. नवं इंजिन ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास लागतं. सकाळी हाताने चार-पाच फेरे फिरवा. मग प्लग बाहेरच ठेवून, इंजेक्टरच्या आणि इग्निशनच्या वायरींचे कनेक्टर सोडवून सेल मारा आणि ऑइलच्या दाबाचा काटा बघा. १९९५ च्या आधीच्या गाड्यांत हा काटा खरा आहे, नंतरच्यांत नुसता शोभेचा. काटा वर आला की थांबा, सगळं जोडा आणि सुरू करा.

सुरू झाल्यावर वरून टकटक आवाज येईल. घाबरू नका, ते हायड्रॉलिक टॅपेट आहेत, कोरडे पडलेत. अर्धा तास चालवल्यावर आणि एकदा ऑइल बदलल्यावर बहुतेक गप्प बसतात. इंजिनाच्या पाठीमागून ऑइल गळत असेल तर कुणीतरी ठामपणे सांगेल की मागचं मोठं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आधी हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला कॅम सेन्सर आहे त्याचा ओ-रिंग (गोल रबरी कडं) बघा. नव्वद टक्के वेळा, असं मी माझ्या ओळखीच्या गाड्यांवरून म्हणतो, तोच गळतो आणि ऑइल ओघळून गिअरबॉक्सवर पडतं. ओ-रिंग चहाच्या किमतीचा. मात्र सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा, कारण तो हलला की टायमिंग हलतं. नंतर बॉनेटखालच्या निदान-डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडा, ८५० आरपीएमवर टायमिंग लाइट लावून दहा अंशांवर आणा. त्याच दोन खाचा जोडल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकून चुकांचे कोड सांगतो. लॅपटॉप नको, स्कॅनर नको.

पॉप-अप दिवे उघडत नसतील तर मोटर जाळू नका. मोटरवर रबरी टोपीखाली एक गोल बटण आहे, ते हाताने फिरवून दिवे वर करता येतात. रिले आणि अर्थिंग आधी तपासा. बॅटरी डिकीत आहे, तेव्हा तिच्या वाफेची नळी बाहेर सोडलेली असलीच पाहिजे, नाहीतर डिकीचा पत्रा आम्ल खातं.

सुटे भाग कुठून

लोकांना वाटतं, भाग मिळत नाहीत म्हणून या गाड्या मरतात. माझा अनुभव उलटा. या गाडीचे भाग जपान, इंग्लंड आणि अमेरिकेत ढिगाने मिळतात. २०१७ मध्ये तर खुद्द माझदानेच जपानमध्ये पहिल्या पिढीच्या जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली आणि काही भाग पुन्हा बनवायला घेतले. प्रश्न कुरिअर आणि कस्टम्सचा आहे. छोट्या-छोट्या पार्सलांपेक्षा वर्षातून दोनदा मोठी यादी मागवा आणि बिलावर भागाचं नाव-किंमत स्वच्छ लिहून घ्या.

पण मागवण्याआधी मोजा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन मापांवर मिळतं. व्हर्नियर घेऊन गेलात तर निम्मे भाग इथेच सापडतात. ऑइल फिल्टरचा आटा होंडासारख्या बऱ्याच जपानी गाड्यांच्या फिल्टरशी जुळतो. टायर १८५/६० आर१४, तो आपल्याकडे बनतो. रबरी बुश, लेथचं काम, प्लेटिंग, पावडर कोटिंग यासाठी मकरपुरा जीआयडीसी, आमची औद्योगिक वसाहत, आहेच. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताच्या कारागिरीला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. त्या परंपरेचे शेवटचे धागे मला मकरपुऱ्याच्या शेडांत दिसतात. जवळच्या हालोलला १९९६ पासून ओपेल ॲस्ट्रा ही कार बनायची, तिथे काम केलेले काही मिस्त्री अजून गावात आहेत आणि इंजेक्शनच्या गाड्या त्यांना हाताच्या रेषांसारख्या कळतात. अशा माणसाला शोधा, आणि एकदा सापडला की त्याच्याशी घासाघीस करू नका. त्याच्या दुपारच्या शेव-उसळीचे पैसे तुम्ही द्या.

छत आणि सीट स्थानिक शिलाईवाला करतो. जुनं छत फेकू नका, तेच त्याचं कटिंग. मागची प्लॅस्टिकची खिडकी झिपवाली राहू द्या आणि छत पाडण्याआधी झिप उघडायची सवय लावा.

आता रंग

एक पावसाळा गाडी जुन्या रंगातच चालवा. जिथे फोड येतील, जिथे पाणी डोकावेल, ते सगळं या एका मोसमात उघड होतं. मगच रंग. मूळ रंगाचा कोड बॉनेटखालच्या पाटीवर असतो, त्याच रंगाला धरून राहा. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. तिथे मी दोन तास एकच गोष्ट बघत होतो, दारांच्या आतल्या कडांचा रंग बाहेरच्याशी जुळतो का. बघण्यासारखं बाकी बरंच होतं, पण खोड.

चालवताना

पहिला लांब फेरा पावागढचा. हालोलमार्गे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, रस्ता सरळ, आणि काही झालंच तर मदत जवळ. परतल्यावर गाडी एका स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे काय पडलंय ते सगळं सांगतं. चाकांचे नट ९० ते ११५ न्यूटन मीटरला पुन्हा तपासा.

उत्तरायणाच्या आसपास, जानेवारीचे पहिले पंधरा दिवस, छत बंद. उघड्या गाडीत मांजा थेट गळ्यावर येतो, काचेवरून सरकत. हा विनोद नाही.

गरम गाडीवर ताडपत्री कधीच नको. सुती, हवा जाणारं कव्हर घ्या आणि गाडी पूर्ण थंड झाल्यावर घाला. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं चालवा, जागेवर रेस करून उपयोग नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक कुणालाच त्याने व्यायाम होत नाही. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात छत उघडून सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांत एक-एक तांब्या पाणी ओता, खाली वाकून बघा. आमच्या घरी हे काम आता माझी मुलगी करते. तिला ती गाडीची आंघोळ वाटते.